पाटी लावायची घाई नको

वैचारिक चर्चांमध्ये नवीन आहेस म्हणून सांगतो. ओळख होताच ‘मी नास्तिक’, ‘मी डावा’ असं जाहीर करू नकोस. मी स्वतः ‘विवेकवादी’ म्हणून मिरवलो. मग समोरच्याचं पटलं तरी मान डोलवायची चोरी!

१९७०च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलच्या शाळकरी मुलांना सांगितलं, तुम्ही क्ले या चित्रकाराची चित्रं आवडणारे, तुम्ही कँडिन्स्कीची. प्रत्यक्षात वाटणी निव्वळ यादृच्छिक होती. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्यांना थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण ‘त्यांच्या’पेक्षा जास्त हवेत! पाटी अशी कशाचीही चिकटते.

‘मी अमुक आहे’ऐवजी ‘सध्या मला असं वाटतं’ म्हणून बघ. हक्कांसाठी एकत्र यायचं तर नाव लागतंच, ते वेगळं.