वेबसाइटवर काय लिहिलं म्हणजे लोक वाचतील आणि ऑर्डरही देतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भांडुपला आईसोबत घरगुती मालवणी मसाल्याचा धंदा आहे, वेबसाइट होऊन आठ महिने झाले, लोक येतात आणि दहा सेकंदांत निघून जातात, तर नक्की लिहायचं काय. लिंक दिलीत ते बरं केलंत, नाहीतर मी पण 'क्वालिटी कंटेंट लिहा, एसईओ करा (म्हणजे गूगलवर वर दिसायची खटपट)' म्हणून मोकळी झाले असते. मी अकरा वर्षं हेच काम करतेय, आधी लोअर परळच्या एका एजन्सीत, आता मुलुंडला घरून, आणि लहानपण काळाचौकीत गेलंय त्यामुळे मसाल्यावर बोलायचा थोडा हक्क पण आहे असं समजते.

लिंक उघडली ती सकाळच्या स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात, एका हाताने कडी धरून. विद्याविहार सोडताना दाबली आणि कुर्ला आलं तरी वरचा मोठ्ठा फोटो उघडतच होता. एकदाचा उघडला तर त्यावर "चवीच्या एका अनोख्या प्रवासाला सुरुवात करा" आणि खाली "आम्ही उच्च दर्जाची उत्पादने पुरवण्यासाठी कटिबद्ध आहोत". राग मानू नका, पण ते दुसरं वाक्य पंखे विकणाऱ्याच्या साइटवर टाकलं तरी कुणाला कळणार नाही. तुमची आई असं मराठी बोलते का? हे चॅटजीपीटीने तरी लिहून दिलंय नाहीतर डिझायनरने टेम्प्लेटमधलं इंग्रजी जसंच्या तसं मराठीत ढकललंय, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं, की इथे घरचं माणूस नाहीये.

आता लालबागच्या मिरची गल्लीत एप्रिल-मेमध्ये काय होतं ते आठवा. माझी आई दुकानासमोर उभी राहिली की दुकानदार आधी माल दाखवायचा नाही, विचारायचा. ताई, गाव कुठलं? आईने देवगड म्हटलं की त्याचं अर्धं काम झालेलं असायचं. मग मासे जास्त की मटण, घरात खाणारी किती, पोरांना तिखट चालतं का, गेल्या वर्षी किती किलो नेलेला आणि कधी संपला. एवढं झालं की मगच तो ब्याडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी घालायची का नाही ते सांगायचा, कारण ब्याडगी रंगाला आणि बाकीच्या तिखटाला, आणि हे गणित प्रत्येक घराचं वेगळं. मग धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, जायपत्री असं कागदावर टिपलं जायचं आणि तिथेच पुढे भाजून डंकावर कुटायला. आम्ही पोरं रुमाल तोंडाला लावून शिंकत उभी.

तुमच्या साइटला समोरच्याला काही विचारता येत नाही, एवढाच फरक आहे. म्हणून तो काय विचारेल हे तुम्हाला आधीच माहीत पाहिजे. आणि ते डोक्याने काढायचं नसतं, लोकांच्या तोंडून आलेलं असतं, ते फक्त गोळा करायचं.

हे मला पण उशिरा कळलं. एका दातांच्या दवाखान्याचं काम होतं, नाव नाही सांगत. रूट कॅनलवर मी १८०० शब्दांचं पान लिहिलं, आकृत्या, नसांची नावं, इतिहास, सगळं. डॉक्टर खूश, मी खूश, फोन एकही नाही. दोन महिन्यांनी चेक घ्यायला गेले तर रिसेप्शनवरच्या मुलीकडे एक वही, कोणाचा फोन आला, काय विचारलं ते ती त्यात लिहून ठेवायची कारण निरोप राहिला की डॉक्टर ओरडायचे. बसल्या बसल्या चाळली. पानोपानी तेच तेच. दुखतं का. किती वेळा यावं लागेल. कॅप घालायलाच लागते का. पैसे हप्त्याने चालतील का. संध्याकाळी सातनंतर डॉक्टर असतात का. माझ्या १८०० शब्दांत यातल्या एकाच गोष्टीचं उत्तर होतं आणि तेही पार तळाला. त्या वहीवरून पान परत लिहिलं, निम्म्याहून छोटं झालं, आणि मग 'तुमच्या साइटवर वाचलं' म्हणत फोन यायला लागले. लाज पण वाटली खरं सांगायचं तर, कारण अर्धं काम त्या मुलीने आधीच करून ठेवलेलं.

तुमची वही म्हणजे आईचा व्हॉट्सॲप. आज रात्री बसा आणि गेल्या वर्षभरात गिऱ्हाइकांनी काय काय विचारलंय ते सगळं त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवा, व्याकरण सुधारू नका, व्हॉइस मेसेज पण ऐका. मी आत्ताच सांगते त्यात काय निघेल. हा घातल्यावर वरून वेगळं तिखट घालायचं का? (हा तर पहिला प्रश्न, कारण ज्यांच्या घरी नुसता गरम मसाला वापरतात त्यांना मालवणीत मिरची आधीच असते हे माहीतच नसतं, ते दोन्ही घालतात आणि मग कालवण तोंडात घेववत नाही.) माशांना आणि मटणाला एकच चालतो का? पावसाळ्यात खराब होतो का, हिंगाचा खडा ठेवायचा का? अर्धा किलो किती दिवस पुरतो? आगरी-कोळी मसाल्यात आणि ह्यात फरक काय? या शेवटच्या एका प्रश्नावर तुमचं अख्खं पान होईल, आणि कोणी वसईचं वगैरे असेल तर ईस्ट इंडियन लोकांच्या बॉटल मसाल्याचं पण विचारेल, तो जो बिअरच्या बाटल्यांत भरून ठेवतात. आईला विचारा, ती बोलताना फोनवर रेकॉर्ड करा आणि ती जसं बोलली तसंच ठेवा, फक्त अडखळलेलं काढा.

टार्गेट ऑडियन्सबद्दल, म्हणजे नक्की कोणासाठी लिहायचं ते पण विचारलंय तर त्याचं सरळ सांगते, तुमच्याकडे तीन प्रकारची माणसं येणार. एक, कोकणातल्याच घरची पण आता विरार-डोंबिवलीला राहणारी, जिच्याकडे मसाला करायला ना वेळ ना गच्ची, आणि गावाहून आता कोणी पाठवत नाही. दोन, दादरला कुठेतरी मालवणी थाळी खाल्लेला आणि घरी करून बघायची हौस असलेला, तो गुजराती पण असेल, तमिळ पण असेल. तीन, बाहेरदेशी असलेले. तिघांना एकाच पानावर खूश करायला गेलात की ते 'कटिबद्ध आहोत' परत येतं. माझं मत, पहिलं पान पहिलीसाठी लिहा. तिला मसाला म्हणजे काय हे शिकवायचं नाही, तिला एवढंच कळलं पाहिजे की हा तिच्या आईच्या मसाल्याच्या जवळ जातो का. दुसऱ्यासाठी 'पहिल्यांदा वापरताय?' असं वेगळं पान, चमच्याच्या मापासकट.

मी असती तर वर एवढंच टाकलं असतं:

"मालवणी मसाला. मिरची यातच आहे, वरून तिखट घालू नका. चार माणसांच्या माशाच्या कालवणाला दोन चमचे, मटणाला तीन. दरवर्षी मे महिन्यात आई स्वतः भाजते, आम्ही कुटून आणतो."

आणि त्याच्याच खाली वजन, किंमत, बटण. मापं मी अंदाजाने टाकलीत, आईकडून खरी घ्या. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी परवान्याचा, तो १४ आकडी नंबर तुम्ही कुठेतरी पानाच्या तळाला फूटरमध्ये पुरलाय तो बटणाजवळ आणा, अनोळखी माणसाकडून खायची वस्तू घेताना लोक तो बघतात. ब्याडगी मिरचीला २०११ मध्ये जीआय टॅग (ही त्या भागाचीच खासियत अशी सरकारी नोंद) मिळाला वगैरे तुम्ही सगळ्यात वर लिहिलंय, माहिती खरी आहे पण ती जागा चुकली, खाली 'मिरच्या कुठून आणतो' मध्ये टाका, ज्याला रस आहे तो वाचेल.

लोक वाचत नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, वेबवर कोणीच धड वाचत नाही. लोक वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनने १९९७ मध्येच बघितलं होतं की नवीन पान समोर आलं की ७९ टक्के लोक नुसती नजर फिरवतात, शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के. मग २००६ मध्ये २३२ जणांच्या नजरेचा माग काढला तर ती इंग्रजी एफसारखी फिरत होती, वरच्या एकदोन ओळी आडव्या आणि मग डाव्या कडेने खाली. म्हणून ओळीच्या सुरुवातीला कामाचा शब्द. तुमच्या सात ओळी 'आम्ही' ने सुरू होतात, मोजल्या मी.

एसईओचं फार डोक्याला लावून घेऊ नका. कोणीतरी तुमच्याकडून कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) भरायचे पैसे घेतलेले दिसतात, तो टॅग गूगल रँकिंगला बघतच नाही असं त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय. त्यापेक्षा गूगलचंच सर्च कन्सोल जोडा, फुकट आहे, १६ महिन्यांपर्यंतचा डेटा दिसतो आणि लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते त्यांच्या शब्दांत मिळतं, म्हणजे दुसरी वहीच. त्यात अर्धं मराठी रोमन लिपीत लिहिलेलं दिसेल, घाबरू नका, पान देवनागरीतच ठेवा, फक्त मालाचं नाव एकदा रोमनमध्ये पण टाका. आणि फोटोच्या आत छापलेला मजकूर काढून खरा टाइप करा, तो फोनवर मुंगीएवढा दिसतो आणि सर्चला पण नीट सापडत नाही. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधला मॅटर घेतला असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर सारखा दिसतो त्या टायपात, करून घ्या, नाहीतर साइटवर नुसती किडकीमिडकी अक्षरं.

चॅटजीपीटी वापरू नका असं मी म्हणत नाही, मी पण वापरते, पण त्याला मिरच्या भाजताना ठसका लागलेला नाही. गूगल ज्या गाइडलाइनवरून माणसांकडून रिझल्ट तपासून घेतं त्यात डिसेंबर २०२२ मध्ये 'अनुभव' हा मुद्दा वाढवलाय, म्हणजे लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केलीय का. ते तुमच्या घरात आहे, आणि साइटवर तुमच्या आईचा एक फोटो पण नाही! तो पाटा-वरवंट्याचा विकतचा फोटो काढा (पाट्यावर मालवणी मसाला कोण करतं हो आता) आणि गच्चीत मिरच्या वाळत घातलेल्या असतात तेव्हाचा मोबाइलवरचा टाका, पण साइझ कमी करून. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर गूगल चांगलं मानतं, त्यांच्याच पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजायच्या साइटवर लिंक टाकून बघा, तुमचा आकडा मी इथे लिहीत नाही.

आणि एक, मला अर्धा किलो हवाय, मुलुंड पूर्वेला, माझ्याकडे सध्या तिखट कमी खाणारी सासूबाई आणि जास्त खाणारा नवरा असे दोघं आहेत. पाठवता का, कुरिअरचे किती घेता, आणि किती दिवसांत येतो? साइटवर सगळीकडे शोधलं, कुठेच लिहिलेलं नाहीये.