प्रथिनांचे साथीदार आणि भौतिकशास्त्राची पदवी

प्रश्न : मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेशीतली कोणती प्रथिने एकमेकांना धरून असतात हे मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंना विद्युतभार देऊन, म्हणजे त्यांचे आयन करून, वस्तुमान मोजण्याचे तंत्र) शोधतात, असे वाचले. याच विषयात संशोधन करावेसे वाटते, पण बारावीनंतर जीवशास्त्र सुटले आहे. जमेल का? आधी यंत्र चालवण्याचा कोर्स करू का?

उत्तर : जीवशास्त्र सुटल्याने काही अडत नाही. प्रथिनांसारखे मोठे रेणू न मोडता त्यांचे आयन करण्याच्या पद्धतींसाठी २००२ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यातले एक मानकरी कोइची तानाका विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर होते, पीएचडीसुद्धा नव्हती. तुला मात्र पीएचडी करावी लागेल, हे धरूनच चाल.

कोर्सवर पैसे घालू नकोस. यंत्र प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळे असते आणि ते तिथे शिकवतातच. कस लागतो तो यंत्राच्या आधी आणि नंतर. ज्या प्रथिनाचे साथीदार शोधायचे त्याला टॅग, म्हणजे ओळखीची छोटी खूण, जोडतात, पेशी फोडून ते त्या टॅगला धरणारे प्रतिपिंड लावलेल्या मण्यांवर ओढून घेतात आणि मणी धुतात. जास्त धुतले तर सैल धरलेला खरा साथीदारही वाहून जातो, कमी धुतले तर सोम्यागोम्या सगळे राहतात. उरलेली प्रथिने ट्रिप्सिन या विकराने कापतात आणि यंत्राने मोजलेल्या त्या तुकड्यांवरून नावे ओळखतात. यादीत शेकडो नावे निघू शकतात. केराटिन तर हमखास, आणि ते बहुतेकदा प्रयोग करणाऱ्याच्याच कातडीचे! रायबोसोमची (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेची) आणि हीट शॉक प्रथिनेही (इतर प्रथिनांना घडी घालायला मदत करणारी) उगाच चिकटून येतात. म्हणून त्या प्रथिनाविना नुसता टॅग असलेल्या पेशींचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, हवा, प्रयोग पुन्हा पुन्हा करायला हवा, आणि कोणते नाव ठेवायचे हे ठरवायला संख्याशास्त्र. तुझे गणित इथेच कामाला येईल.

तेव्हा आतापासून आर किंवा पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शीक. प्राइड या ऑनलाइन संग्रहात संशोधकांनी ठेवलेला मूळ डेटा फुकट मिळतो. त्यातून प्रथिनांची यादी काढणारे मॅक्सक्वांट हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. एखादा छोटा डेटासेट घेऊन स्वतः यादी काढून बघ. जोडीला अमिनो आम्ले आणि प्रथिनांची रचना जैवरसायनाच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकातून वाच, तेवढे सुरुवातीला पुरते.

एमएस्सी जैवभौतिकीत कर किंवा जैवरसायनात, माझी पसंती पहिलीला. प्रवेशाआधी तिथल्या विद्यार्थ्यांना एवढे विचार : नमुना तुम्हीच तयार करता, की बाहेर पाठवून तयार यादी मागवता? यादी मागवत असतील तर दुसरीकडे बघ.