मामांच्या कॉनकॉर्डच्या स्लाइड्स: साल कसं ओळखायचं

मामांच्या डब्यात कॉनकॉर्डच्या, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडणाऱ्या त्या ब्रिटिश-फ्रेंच प्रवासी विमानाच्या, स्लाइड्स निघाल्या, तारीख एकीवरही नाही, आणि प्रत्येक फोटोत विमानाचं नाक खाली वाकलेलं दिसतं, ते मोडलं होतं का, असं तुम्ही विचारलंय. मामा 1975 ते 1990 लंडनला होते, एवढी माहिती तुम्ही दिलीत. ती पुरेशी आहे. मी त्यानंतरची बरीच वर्षं हाउन्स्लोत, हीथ्रोच्या अगदी शेजारी काढली आणि माझ्याकडेही असाच एक डबा आहे.

आधी नाकाचं. मोडलं नव्हतं, मुद्दाम खाली केलेलं आहे. कॉनकॉर्डचे पंख त्रिकोणी, त्यांना नेहमीच्या विमानांसारखे फ्लॅप नाहीत. त्यामुळे कमी वेगात हवेत टिकायचं तर सगळं विमानच नाक वर करून बरंच तिरकं धरावं लागे. मग त्या लांब टोकदार नाकाआड वैमानिकाला समोरची धावपट्टीच दिसेना. उपाय म्हणून नाकाला बिजागरी दिली. टेकऑफला आणि जमिनीवर फिरताना ते 5 अंश खाली असे, उतरताना साडेबारा अंश. वर गेल्यावर ते सरळ होई आणि काचेपुढे एक उष्णतारोधक झाकण चढे. तुमच्या स्लाइडमध्ये विमान हवेत असून नाक भरपूर वाकलेलं असेल तर ते उतरतंय. थोडंसंच वाकलं असेल आणि मागे ज्वाळा दिसत असतील तर निघालंय. त्या ज्वाळा आफ्टरबर्नरच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या भागात जादा इंधन जाळून जोर वाढवणाऱ्या यंत्रणेच्या. टेकऑफला ते लागत, मग खालच्या वस्तीला आवाजाचा त्रास नको म्हणून दीडेक मिनिटात बंद करत. (त्रास व्हायचा तो होईच. संध्याकाळचं न्यूयॉर्कचं विमान सुटलं की आमच्या गल्लीतल्या गाड्यांचे अलार्म आपोआप वाजू लागत. शेजारची आजी त्यावर घड्याळ लावायची.)

आता साल. त्यासाठी शेपूट बघा.

ब्रिटिश एअरवेजने 21 जानेवारी 1976 ला लंडन ते बहरीन अशी सेवा सुरू केली. त्याच दिवशी एअर फ्रान्सचं विमान पॅरिसहून डाकारमार्गे रिओला गेलं. तेव्हाच्या ब्रिटिश विमानांच्या शेपटीवर युनियन जॅकचा लाल-निळा तुकडा आहे आणि कंपनीच्या नावात पहिलं अक्षर तेवढं मोठ्या लिपीतलं. शेपटीवर गर्द निळा रंग आणि राजचिन्ह दिसलं, नाव सगळं मोठ्या लिपीत असलं, तर फोटो साधारण 1985 नंतरचा. लहरता झेंडा 1997 पासून आला. तो दिसला तर स्लाइड मामांच्या लंडनच्या काळातली नाही, कुणीतरी नंतर डब्यात टाकली असणार.

दोन अपवाद मात्र डोळ्यांत तेल घालून शोधा. पहिला: शेपटीजवळ लिहिलेल्या विमानाच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात नेहमीच्या जी-बीओ ऐवजी जी-एन अशी असेल, तर फोटो 1979-80 चा. त्या काळात लंडनहून वॉशिंग्टनला आलेल्या याच विमानांनी ब्रॅनिफ ही अमेरिकन कंपनी वॉशिंग्टन ते डॅलस हा पुढचा टप्पा चालवायची, तोही ध्वनीपेक्षा कमी वेगाने, कारण अमेरिकेत जमिनीवरून स्वनातीत उड्डाणाला बंदी होती. ब्रॅनिफच्या नारिंगी रंगातलं कॉनकॉर्ड इंटरनेटवर दिसतं, ते चित्र आहे. प्रत्यक्षात एकही विमान तसं रंगवलं गेलं नाही.

दुसरा अपवाद आपल्याला जवळचा. जी-बीओएडी या विमानाची फक्त डावी बाजू सिंगापूर एअरलाइन्सच्या रंगात होती, उजवी ब्रिटिश एअरवेजचीच. लंडन-बहरीन-सिंगापूर ही सेवा डिसेंबर 1977 मध्ये सुरू झाली आणि मलेशियाच्या हरकतीमुळे तीन फेऱ्यांतच थांबली. 1979 मध्ये पुन्हा सुरू झाली. पण भारताने आपल्या हद्दीवरून स्वनातीत वेगाने जाऊ दिलं नाही, मार्ग परवडेना, आणि 1980 मध्ये तो कायमचा बंद झाला. आपल्याकडे याबद्दल हळहळणारे भेटतात. मला तो निर्णय योग्यच वाटतो. वर साठ हजार फुटांवरून शंभर श्रीमंत जाणार आणि खाली गावोगावी स्वनातीत वेगाचा धडाका ऐकू येणार, हा सौदा कुणी का मान्य करावा? तशी एअर इंडियानेही एके काळी दोन कॉनकॉर्डसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं, आणि जून 1972 च्या विक्री दौऱ्यात 002 हा ब्रिटिश नमुना मुंबईला येऊनही गेला होता. खरेदी काही झाली नाही. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी ते मुंबईत पाहिलं असेल तर जरूर विचारा, तो फोटो लंडनच्या दहा फोटोंना भारी.

एक गोष्ट मात्र डब्यात सापडणार नाही. कॉनकॉर्ड ज्यासाठी बांधलं, त्या वेगातलं कॉनकॉर्ड. मॅक 2 ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, गेल्यावर त्याचं नाक 127 अंश सेल्सिअसपर्यंत तापे, सांगाडा वीसेक सेंटीमीटर लांब होई, पांढरा रंगसुद्धा उष्णता परतवण्यासाठीच होता. यातलं काहीच बाहेरून कुणाला दिसलं नाही, कारण शेजारून उडणार कोण? 1985 मध्ये ॲड्रियन मेरेडिथ यांनी आयरिश समुद्रावर रॉयल एअर फोर्सच्या टोर्नेडो या लढाऊ विमानातून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे, आणि त्याच्यासाठीही कॉनकॉर्डलाच वेग उतरवावा लागला. म्हणजे मामांचे, माझे, हीथ्रोच्या धावपट्टीजवळच्या मर्टल ॲव्हेन्यूच्या गवतावर शिडी घेऊन उभं राहणाऱ्या सगळ्यांचे फोटो हे त्या विमानाच्या सगळ्यात संथ, सगळ्यात अवघडलेल्या क्षणांचे आहेत. वाकलेलं नाक, लांब पाय, पिसारा सावरत उतरणारा मोर. आपल्या मनातलं कॉनकॉर्ड असं दिसतं, त्याचं कारण एवढंच.

स्लाइड्सचं काय करायचं तेही सांगतो. कोडाक्रोम (कोडॅकची स्लाइड फिल्म) असतील तर नशीबवान आहात, अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचा रंग फारसा उडत नाही. चौकटीवर बऱ्याचदा धुलाईचा महिना आणि साल बारीक छापलेलं असतं, भिंगाने बघा. कदाचित माझी वरची सगळी तपासणी करावीच लागणार नाही. मुंबईच्या हवेत बुरशी धरलेली असेल तर ओल्या कापडाने मुळीच पुसू नका. हवेच्या फुग्याने धूळ उडवा, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा आणि चांगल्या फिल्म स्कॅनरवर स्कॅन करून घ्या. मोबाइलने भिंतीवरचा प्रोजेक्टर टिपू नका, शेपटीवरची अक्षरं हमखास जातात.

आणि ती अक्षरंच मला हवी आहेत. ब्रिटिश एअरवेजची सातही विमानं शाबूत आहेत. नोंदणीच्या शेवटी ए असेल तर ते आता स्कॉटलंडमधलं ईस्ट फॉर्च्यून, सी म्हणजे मँचेस्टर, डी न्यूयॉर्कला, ई बार्बाडोसला, एफ ब्रिस्टलजवळ फिल्टनला (नोव्हेंबर 2003 मधलं कॉनकॉर्डचं अगदी शेवटचं उड्डाण याचंच), जी सिॲटलला. बी हीथ्रोवरच उभं आहे. पॅरिसच्या 2000 सालच्या कॉनकॉर्डच्या अपघातानंतर त्यात सुधारणा केल्या नाहीत, त्यामुळे ते पुन्हा उडालंच नाही. स्कॅन झाले की शेपटीचा भाग मोठा करून इथे टाका, मामांनी कुठलं विमान टिपलं ते ठरवू.