तानपुरा न्यावा का, एवढंच विचारलं होतंस

तुझा प्रश्न तीनदा वाचला. नाशिकची, गायनात विशारद, अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संगीताच्या पदवीला प्रवेश मिळालाय, आणि विचारतेस की तानपुरा न्यावा का, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नसताना तिथल्या क्वायरच्या, म्हणजे समूहगानाच्या, ऑडिशनला उभं राहावं का, आणि एकटं वाटतं का. दोन ओळी लिहून झोपणार होते, आता एक वाजून गेलाय. वयाने माझ्या मुलीएवढी आहेस म्हणून तू म्हणते.

व्हिसा, विद्यापीठाकडून येणारा आय-२० फॉर्म, बँकेचे कागद यात मी पडत नाही. ते सगळं सरकारी साइटवर आहे आणि माझी माहिती १९९९ची. तेव्हा मुंबईत ब्रीच कँडीच्या अमेरिकी वकिलातीबाहेर पहाटेपासून रांग लागायची. वकिलातही आता तिथे नाही.

पण एका कागदाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मी मिरजेची. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा दिल्या, दर वर्षी एक. पदव्यांचं मूल्यांकन करणाऱ्या एका संस्थेकडे फी भरून सगळी प्रमाणपत्रं पाठवली. उत्तर आलं: खासगी शिकवणी, श्रेयांक शून्य. वर माझी तीन वर्षांची बीए त्यांच्या चार वर्षांच्या पदवीबरोबर धरता येत नाही, हेही. मग गुणपत्रिका सीलबंद पाकिटात हव्यात म्हणून वडील माझ्या विद्यापीठात चार खेपा घालून आले. चौथ्या खेपेला कारकुनाने पाकीट दिलं, त्यावर सही होती पण शिक्का नव्हता. पाचवी खेप. तेव्हा वडिलांची साठी उलटलेली, आणि मी फोनवर त्यांच्यावरच चिडले होते. तू एवढंच कर: अभ्यासक्रम इंग्रजीत करून घे आणि प्रत्येक वर्षी किती तास प्रत्यक्ष गाणं झालं याचा हिशोब तुझ्या गुरूंकडून लेटरहेडवर लिहून घे. तिकडे तास मोजतात. राग किती येतात हे कोणी विचारत नाही.

आता क्वायर. ऑडिशनला जा, जाच. संगीताच्या विद्यार्थ्यांना एखादं तरी एन्सेम्बल, म्हणजे समूहात गाणं किंवा वाजवणं, बहुतेक सक्तीचंच असतं, क्रेडिट जेमतेम एक, आणि तालमी आठवड्याला दोन-तीन. दोन तालमी बुडवल्या की ग्रेड खाली येते. माझी पट्टी काळी चार, म्हणून मला आल्टोत, खालच्या आवाजाच्या बायकांच्या गटात, बसवलं. पहिल्याच दिवशी हातात स्वरलिपीची चाळीस पानी वही दिली आणि सगळ्या जणी ती बघून गायला लागल्या, पहिल्यांदाच, जशी आपण पेपरातली बातमी वाचतो. मी ओठ हलवत होते. शेजारची मुलगी गोव्याची निघाली. तिची आजी गावच्या चर्चच्या शाळेत सोलफेजो, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, शिकली होती, घरात सगळ्यांना वाचता यायचं. तिच्या बोटाकडे बघत मी पहिलं सत्र काढलं. तुझ्याकडे अजून चार-सहा महिने आहेत. नाशकात किंवा पुण्यात पियानोच्या शिक्षकाकडे बस आणि रोज अर्धा तास नुसतं वाच. सुंदर वाजवायचं नाही, वाचायचं. तिथे जाऊन शिकू असं मी म्हटलं होतं, त्याची लाज वर्षभर पुरली.

वाचण्यापेक्षा अवघड गेलं ते दुसरंच. एक म्हणजे सा हलतो. आपण सा एकदा लावला की मैफल संपेपर्यंत घर तेच, इथे गाण्याच्या मधेच घर बदलतं आणि कोणी सांगतही नाही. दुसरं, मींड. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मी आपसूक घसरत जायची, आणि दिग्दर्शक दर दहा मिनिटांनी थांबवून म्हणायचे, आल्टोमध्ये कोणीतरी स्कूप करतंय. माझ्या गाण्याच्या बाईंनी तीन वर्षं घालवली होती ती मींड माझ्या गळ्यात उतरवायला. ती काढायला मला एक सत्र लागलं. परत आणायला किती लागतं ते मला ठाऊक नाही, कारण मी तेवढा रियाज केलेलाच नाही.

आणि गंधार, म्हणजे ग. तानपुऱ्याच्या खर्जाच्या, सगळ्यात खालच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तो गंधार पियानोच्या गंधारापेक्षा जरा खाली असतो, अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा. आपला कान त्यावरच घडलेला. एकदा साथीशिवायचं गाणं होतं, शेवटच्या कॉर्डमध्ये, एकदम लागणाऱ्या स्वरांत, गंधार आल्टोकडे होता. दिग्दर्शकांनी हात वर केला, सगळ्यांना थांबवलं आणि मला एकटीला तो स्वर धरायला लावला. म्हणाले, ऐका, तिसरा स्वर असा हवा. मी आतल्या आत मिरजेला जाऊन आले. पुढच्या आठवड्यात त्याच गंधाराला पियानोची साथ आली आणि तेच म्हणाले, आल्टो, फ्लॅट जाताय. दोन्ही वेळा ते बरोबर होते! हे कळायला मला वेळ लागला, रडून झाल्यावर कळलं.

तुझ्या विद्यापीठात गामेलान असेल तर मात्र डोळे मिटून नाव घाल. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठांत हा जावाचा वाद्यसंच आहे, वेस्लियन विद्यापीठाचा तर प्रसिद्धच. स्वर आकड्यांत लिहितात, शिकवतात बरंचसं ऐकवून, चपला बाहेर काढायच्या, वाद्यावरून पाय टाकायचा नाही. मला तिथे कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही. गंमत एकच, आपलं आवर्तन समेवर सुरू होतं, त्यांचं मोठ्या घंटेवर संपतं. सुरुवातीला मी दर वेळी एक मात्रा पुढे असायची.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. स्वयंपाक करायला शिकून जा, पुष्कळसा कमी होतो.

मुलीचं सांगायचं नव्हतं, पण आलंच आहे ओघात तर सांगते. ती पाचवीत शाळेच्या बँडमध्ये गेली, भाड्याचं क्लॅरिनेट घेऊन. घरी मी तिला अलंकार शिकवलेले, ऐकून म्हणायचे. शाळेने बोलावलं तेव्हा मला वाटलं कौतुक असेल. शिक्षिका म्हणाल्या, ती वाचत नाही, ऐकून वाजवते, म्हणून आम्ही तिला शेवटच्या रांगेत बसवलंय. तक्रारीच्या सुरात. मी मान डोलावली आणि आभार मानून बाहेर आले. गाडीत ती म्हणाली, आई, आता घरी सा रे ग म नको. मी नाही केलं. त्या बाईंना मी तिथेच काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला आजही रात्री सुचतं, दर वेळी निराळं. लेक आता कॉलेजात आहे, विषय वेगळाच, पण संगीत न शिकणाऱ्यांसाठी असलेल्या बँडमध्ये दर मंगळवारी वाजवते आणि खुशीत असते. झरझर वाचते.

क्वायरने मला काहीच दिलं नाही असं वाटेल तुला हे वाचून. लांब स्वर असला की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारणीचा श्वास झाला की मग आपला. मी थांबले तरी गाणं तुटत नाही. बाईंच्या मागे तानपुऱ्यावर बसायचे तेव्हा त्या श्वास घ्यायला थांबल्या की मी सूर धरायची, तेच हे. फक्त इथे माझ्यासाठीही कोणीतरी धरून होतं. पहिल्या हिवाळ्यात ते फार उपयोगी पडलं. वर एकटेपणाचं एका ओळीत उडवलं ते खरं नव्हतं.

तर तानपुरा. मी नेला होता, सतारमेकर गल्लीत मुद्दाम करवून घेतलेला. विमानात काही झालं नाही. जानेवारीत खोलीतल्या हीटरने हवा इतकी कोरडी केली की भोपळा आणि दांडी जिथे जोडतात तिथे चीर गेली. कपाटात ठेवून दिला. बाई फोनवर विचारायच्या, जवारी बोलते का गं, तारा नीट गुंजतात ना? मी म्हणायची, हो बाई, छान बोलते. बाई गेल्या तोवर हेच सांगत होते. नेणार असशील तर तारा सैल करून ने आणि खोलीत ह्युमिडिफायर ठेव, माझ्यासारखा आळस करू नकोस. फोनवरच्या अ‍ॅपमधला तानपुरा निघेपर्यंत लावून बघ, त्यावर गाता आलं तर खरा घरीच राहू दे.

ऑडिशनला तीन-चार मिनिटंच देतात. स्थायी, चार आलाप, दोन ताना, बास. तबला नसेल, लय हातावर धर. आणि दारातून आत गेल्या गेल्या पियानोवाल्याला तुझी पट्टी सांग, नाहीतर तो स्वतःच्या मनाने सा देईल आणि तू बिचारी त्यावरच गाशील. मी गायले होते.