कंसातली गोळी

‘त्रस्त नवरा, सांगली’ यांस,

तीन पानं भरून लिहिलंत: बायको रात्री उठून चोरून खाते आणि सकाळी विचारलं की “मी नाही” म्हणते. फ्रीजमधलं घट्ट गोठलेलं लोणी, कच्चे बटाटे. सहा किलो वजन वाढलं, साखर वाढली, तरी कबूल करत नाही. म्हणून फ्रीजला कुलूप लावलंत, तर ती डब्यातलं कोरडं पीठ खाऊ लागली. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात: ‘दिवाळीपासून तिला झोप येईना, म्हणून माझ्या पट्टीतली गोळी देतो.’

अहो, पत्र इथून सुरू करायचं होतं!

गोळीचं नाव लिहिलंत ते एक बरं केलंत. झोलपिडेम, 10 मिलिग्रॅम. ही गोळी घेणारे काही जण धड जागे न होताच उठतात, डबे उघडतात, खातात, गॅससुद्धा पेटवतात. तोंडात काय जातंय ते कळत नाही आणि सकाळी काही आठवत नाही. झोपेत चालणं, गाडी चालवणं, असल्या प्रकारांतून माणसं दगावली, तेव्हा 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांवर चौकटीत कडक इशारा छापायला लावला. बायकांचा सुरुवातीचा डोस तर त्यांनी 2013 मध्येच 5 मिलिग्रॅमवर आणला होता, कारण बायकांच्या शरीरातून ही गोळी सावकाश उतरते. तुम्ही तिला तुमचाच डोस देत आलात. डॉक्टरांना न विचारता.

ती खोटं बोलत नाहीये. एकादशीनंतरच्या सकाळी ओठांना लागलेलं पीठ पाहून ती रडली, हे तुमचंच वाक्य. इतकी वर्षं निर्जळी करणारी बाई तुम्हाला फसवायला उपास मोडेल?

आजच ती पट्टी खिशात घालून दोघं डॉक्टरांकडे जा. ‘ही मी दिली’ हे तुमच्या तोंडाने सांगा. रात्री तिचे पाय वळवळतात का, ती घोरते का, तेही सांगा; झोपेतलं खाणं कधी कधी त्या दुखण्यांबरोबरही येतं. रोजची गोळी कशी सोडायची ते डॉक्टरच ठरवतील, तुमची डॉक्टरकी पुरे झाली.

फ्रीजचं कुलूप काढा. रात्री बंद करायचा तो सिलिंडरचा रेग्युलेटर. सुऱ्या-विळी कपाटात.

आणि ‘चोरून’ या शब्दाची माफी दवाखान्यात पोचायच्या आधी, रिक्षातच मागा.