‘बाबांना आजाराचं नाव सांगू का?’

एएलएसचं निदान झालेल्या घरातून माझ्याकडे पहिला प्रश्न बहुधा हाच येतो. या आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी होतात. हातपाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वासही अशक्त होत जातो. ‘ऐकून ते खचतील,’ ही घरच्यांची भीती मला पटते. तरीही माझं उत्तर ‘सांगा’ असंच असतं.

सुभाषराव (नाव बदललं आहे) एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. उजव्या हातातून पाना निसटायला लागला, मग जीभ जड झाली. ‘नसांचा अशक्तपणा आहे, एवढंच सांगितलंय. तुम्हीही तेवढंच बोला, मॅडम,’ असं मुलाने मला दाराबाहेरच बजावलं. आत गेल्यावर सुभाषरावांनी पाटी मागितली आणि डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, ‘पोरगा रात्री रडतो. मला काय झालंय?’

या आजारात बहुतेकांची समज बरीचशी शाबूत असते. काहींच्या वागण्याविचारात फरक पडतो, तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. पण ज्याला सगळं कळतंय त्याच्यापासून लपवलं, की तो त्याच घरात एकटा पडतो. पुढच्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना नाव सांगितलं. किती सांगायचं, हे आधी त्यांनाच विचारलं होतं.

मुलाने रात्र रात्र जागून मोबाईलवर बरंच काही गोळा केलं होतं. निदानानंतर ‘दोन ते पाच वर्षं’ आयुष्य, हा आकडा त्याच्या डोक्यात रुतून बसला होता. तो आकडा खरा आहे, पण सरासरीचा. दहातला एखादा रुग्ण दहा वर्षांपलीकडेही जातो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगना १९६३ साली याच आजाराचं निदान झालं आणि ते २०१८पर्यंत जगले. ते अगदी विरळा उदाहरण, त्यावर आपल्या माणसाचा हिशोब मांडू नये. रिलुझोल हे औषध आजाराची वाढ थोडी मंदावतं, आजार बरा करत नाही. टोफर्सन हे दुसरं औषध फक्त एसओडी१ जनुकात दोष असलेल्यांसाठी आहे, आणि असे रुग्ण थोडेच.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशींच्या उपचारासाठी लाखो रुपये भरायची मुलाची तयारी झाली होती. इथे मी स्पष्ट बोलले. एएलएसवर स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे असे प्रयोग मंजूर चाचणीतच व्हायला हवेत. चाचणी सीटीआरआय या सरकारी चाचणी-नोंदवहीत नोंदलेली आहे का, हे आधी बघा. चाचणीत भाग घ्यायचे पैसे कुणी मागितले, तर तिथूनच परत फिरा.

खरी घाई वेगळ्या गोष्टींची असते. सकाळी डोकं दुखतं का, आडवं झाल्यावर धाप लागते का, हे विचारा आणि श्वासाची तपासणी करून घ्या. मास्कमधून श्वासाला जोर देणारं बायपॅप मशीन वेळेवर सुरू झालं तर झोप आणि आयुष्य दोन्ही सुधारतं. डॉक्टरांना न विचारता घरी नुसता ऑक्सिजन लावू नका, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. पोटातून अन्नाची नळी घालायची असेल, तर श्वासाची ताकद फार उतरायच्या आत ठरवावं लागतं. हे सगळे निर्णय रुग्णाचे आहेत. आजाराचं नावच माहीत नसेल, तर तो ठरवणार कसा?

बोलणं उरलंय तोवर आवाज रेकॉर्ड करा, असंही मी सुचवलं. सुभाषरावांनी ‘कूस वळव’, ‘पंखा बंद कर’ इथपासून सुरुवात केली, मग नातीला हाक मारली.

२०१६च्या दिव्यांग कायद्याखालचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र यांसाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करायला मी मुलाला सांगितलं. मुंबईतल्या ‘आशा एक होप फाउंडेशन’कडेही पाठवलं, तिथे याच आजाराशी झगडणारी कुटुंबं भेटतात. आजाराचा त्रास हलका करणारी पॅलिएटिव्ह सेवा शेवटासाठी राखून ठेवू नका, लवकर जोडा.

काकूंशी, म्हणजे सुभाषरावांच्या पत्नीशी, मी वेगळी बोलले. रात्री दर दोन तासांनी उठून त्यांची कंबर गेली होती. मुलगा आणि धाकटे दीर यांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या. पोटातल्या नळीला सुभाषरावांनी होकार दिला. गळ्याला छिद्र पाडून व्हेंटिलेटरवर ठेवण्याला सध्या नाही म्हणाले. मुलाने ते वहीत उतरवून डॉक्टरांना दाखवलं, आणि मत कधीही बदलता येईल, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगून ठेवलं.