आबा युद्धाविषयी का बोलत नाहीत?

प्रश्न : माझे आजोबा, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आले. १९७१च्या युद्धात ते जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) होते, एवढेच आजीकडून कळले. बेळगावचे ट्रेनिंग, तिथले उस्ताद, लंगरमधली डाळ यांविषयी ते तासन्‌तास बोलतात. पण युद्धाचा विषय निघाला की उठून गोठ्याकडे जातात. विजय दिनाला गावच्या शाळेने भाषणासाठी बोलावले, तेव्हा त्यांनी आजारपणाचे कारण सांगितले. त्यांचे वय आता ७६ आहे आणि सगळे त्यांच्यासोबतच जाईल, अशी मला धास्ती वाटते. बाबा म्हणतात, विचारू नकोस. मी काय करावे?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या बाबांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आबांशी जरूर बोला, पण ‘युद्धात काय झाले?’ हा प्रश्न मात्र टाळा, कारण त्याचे उत्तर कसे असावे हे विचारणाऱ्याने बहुधा आधीच ठरवलेले असते.

तुम्ही जमालपूरचे नाव घेतले, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखालच्या पहिल्या मराठा बटालियनने, म्हणजे जंगी पलटणीने, ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या दक्षिणेची वाट अडवली होती. शरण येण्याचा निरोप गेल्यावर समोरच्या ३१ बलुच बटालियनच्या कमांडरने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. हा किस्सा भाषणांत हमखास येतो. पुढची हकिगत भाषणांत क्वचितच येते. १० डिसेंबरच्या रात्री तीच फौज शहरातून निसटण्यासाठी मराठ्यांच्या मोर्च्यांवर चालून आली आणि उजाडले तेव्हा दोनशेहून अधिक पाकिस्तानी सैनिक मरून पडलेले होते. आबा त्याच पलटणीत असतील, तर ती सकाळ पाहताना ते बाविशीच्या आसपासचे होते. व्यासपीठावर लोकांना गोळीचा किस्सा हवा असणार आणि त्यांना ती सकाळ आठवत असणार. अशा वेळी आजारपणाचे कारण पुढे करणे मला तरी अगदी समजण्यासारखे वाटते.

या अबोल्याला शिस्तीचीही एक बाजू आहे. आघाडीवरच्या जवानाच्या पत्त्यात पलटणीच्या नावापुढे ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असा लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक, एवढेच असे. आपण कुठे आहोत आणि काय करत आहोत, हे पत्रात लिहायचे नसे. त्यामुळे घरी येणाऱ्या पत्रात खुशाली, पाऊसपाणी आणि मनिऑर्डर पोहोचली का याची चौकशी, यापलीकडे फारसे काही नसायचे. ज्याने ऐन तारुण्यात असे लिहायची सवय लावून घेतली, त्याला पन्नास वर्षांनी अचानक ‘सगळे सांगा’ म्हटले, तर शब्द येणार तरी कुठून? आजीने ती पत्रे जपून ठेवली असतील, तर आधी तिच्याकडे बसा. ते परतले तेव्हा कसे दिसत होते, रात्री झोपत होते का, हे तिने पाहिले आहे, आणि तिला ते आजवर कुणी विचारलेलेही नसेल.

झोपेचा उल्लेख मुद्दाम केला. युद्धाच्या मानसिक आघाताला आज ज्या ‘पीटीएसडी’ या नावाने ओळखतात, ते नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० साली आले. त्याआधी परतलेल्या आपल्या जवानांनी दचकून उठणे, फटाक्यांच्या दिवसांत घराबाहेर न पडणे, हे सारे ‘स्वभाव’ म्हणून काढले. आबांना असा त्रास असेल, तर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांना तो सांगावा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याविषयी विचारावे. त्रास नसेल, तर केवळ बोलत नाहीत म्हणून त्यांना रुग्ण ठरवू नये.

माझे एक चुलते १९६५च्या युद्धात पुरवठ्याच्या तुकडीत होते. त्यांनी आम्हाला आयुष्यभर एका हट्टी खेचराची गोष्ट सांगितली, दर वेळी थोडी वेगळी. ते खेचर कुठे आणि कसे मेले, हे मात्र त्यांनी एकदाच सांगितले, तेही मी काही न विचारता. लंगरच्या डाळीला म्हणूनच कमी लेखू नका. लंगरमध्ये शेजारी कोण बसायचे, त्याचे गाव कोणते, पुढे तो कधी भेटला का, इतपत विचारता येते. यातला शेवटचा प्रश्न जपून विचारा.

कागदोपत्री माहिती हवी असेल, तर आबांच्या संमतीने त्यांचे डिस्चार्ज बुक पाहा. त्यात पलटण आणि सेवेचा काळ मिळेल. पेटीतल्या पदकांत पूर्वी स्टार असेल, तर तो पूर्व आघाडीवरच्या सेवेचा आहे. ती पदके पुसायला दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्याजवळ बसा. ते उठून गोठ्याकडे निघाले, तर तुम्हीही सोबत जा आणि तिथे फक्त वैरण टाका.